म्हशीच्या शिंगापासून इशाऱ्याचे शिंग: मोजमाप, तोंडी, फुंक आणि खुणा

शिंग वाजत नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्या हातातले शिंग बहुधा दिसायला देखणे असते. काळे कुळकुळीत, घासून आरशासारखे केलेले, बुडाला तांब्याचे कडे, खांद्याला अडकवायला गोफ. फुंकले की मात्र नुसता वारा बाहेर येतो. कारण जवळजवळ नेहमी एकच निघते: आतली पोकळी कुठे संपते हे मोजण्याआधी टोक कापलेले असते. कापलेले टोक परत जोडता येत नाही, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा टोकाकडच्या दहा सेंटिमीटरांना दिली आहे.

हाक्याच्या, म्हणजे जनावर हाकून बंदुकीपुढे आणण्याच्या, शिकारीत माणसे एकमेकांना दिसत नसत, तेव्हा सुरुवात, थांबा आणि परत फिरा हे शिंगावर सांगितले जाई. शिकार आता बंद आहे, पण डोंगरात पांगलेला ट्रेकचा गट, मर्दानी खेळांचे पथक, गडावरच्या कार्यक्रमाचे स्वयंसेवक यांची गरज तीच आहे. शिंग तेच, शिस्तही तीच.

## सुरुवात करण्याआधी: कोणते शिंग चालेल, कोणते नाही

फक्त पाळीव म्हशीचे शिंग घ्या. सांबर आणि चितळ यांची शिंगे भरीव हाडाची असतात, ती फुंकायला निरुपयोगी आहेत. जंगलात गळून पडलेली असली तरी ती उचलणे आणि घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. गवा, काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे ठेवणेही गुन्हाच. गव्याचे शिंग नवख्याला म्हशीचे वाटू शकते, म्हणून ओळखीच्या माणसाकडून घ्या आणि शिंग कोणत्या जनावराचे आहे ते लिहिलेली पावती ठेवा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, तेव्हा बैलाच्या शिंगाच्या फंदात पडू नये हे बरे.

जातीला महत्त्व आहे. मुऱ्हा म्हशीचे शिंग जिलबीसारखे आखूड वळलेले असते, त्यात सरळ भोक पाडायला जागाच मिळत नाही. पंढरपुरी म्हशीचे शिंग लांब आणि मागे खांद्याकडे गेलेले असते. सोलापूर-कोल्हापूर भागात ते मिळते आणि या कामाला उत्तम. त्यातही पीळ पडलेले किंवा फार चपटे झालेले सोडून द्या. नुसते कोयत्यासारखे वळलेले निवडा.

निवडताना बघा:

- बाहेरच्या वळणावरून मोजलेली लांबी ५० ते ६५ सेमी.
- बुडाशी रुंदी निदान ८ सेमी.
- टोकाकडचा भाग जाडजूड. टोक सुईसारखे निमुळते असेल तर तोंडीला, म्हणजे ओठ टेकवायच्या वाटीला, जागा उरत नाही.
- बोटाच्या पेराने ठोकल्यावर खणखणीत आवाज. भसभस किंवा खरखर ऐकू आली तर आत चीर आहे.
- किड्यांची बारीक भोके नकोत. बुडाच्या कडेला पापुद्रे सुटलेले चालतील, तिथले २-३ सेमी कापून टाकता येतात.

दोन शिंगे घ्या. पहिल्यांदा करत असाल तर एक वाया जाईल असे धरूनच चला.

साहित्य: लोखंड कापायची बारीक दातांची करवत, वेग कमी करता येणारे ड्रिल, ३, ५ आणि ६ मिमीची बिटे (६ ची लांब दांड्याची), गोल आणि अर्धगोल कानस, ८० पासून १००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, २ मिमी जाडीची ताठ तार सुमारे ७५ सेमी, व्हर्नियर कॅलिपर, टॉर्च, मधमाश्यांचे मेण, जवसाचे तेल, एन-९५ मास्क, गॉगल, रबरी हातमोजे. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत फेरी मारली तर यातले बहुतेक एका दुपारी मिळते.

सावधान: शिंगाची पूड फुफ्फुसाला त्रासदायक असते, आणि आजारी जनावराच्या कच्च्या शिंगातून रोग माणसापर्यंत येणार नाही याची खात्री देता येत नाही. अँथ्रॅक्स हा तर कातडी, लोकर आणि शिंगाचे काम करणाऱ्यांचा जुना रोग आहे. जनावर कशाने मेले हे माहीत नसेल तर ते शिंग घेऊ नका. मास्क लावल्याशिवाय कानस हातात धरू नका.

## टप्पा १: आतला गाभा काढणे

बाहेरचे शिंग म्हणजे नखासारखे केराटिन. आत हाडाचा गाभा असतो आणि दोहोंमध्ये पातळ मांसल थर. तो थर कुजला किंवा शिजला की गाभा सुटतो.

कुजवण्याची पद्धत हळू पण सुरक्षित आहे. झाकणाच्या बादलीत शिंग पूर्ण बुडवून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. उन्हाळ्यात दोन आठवडे, थंडीत तीन-चार आठवडे लागतात. वास भयंकर येतो. सोसायटीच्या गॅलरीत हे करू नका, गावाकडे किंवा शेतावर करा.

उकळण्याची पद्धत घाईची. बूड खाली धरून शिंग उकळत्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास ठेवा, बाहेर काढून गाभ्याला पक्कडीने पिळा, मग बूड लाकडी ठोकळ्यावर आपटा. एका तासापेक्षा जास्त उकळू नका. केराटिन उष्णतेने मऊ होते, शिंग वाकडे होते आणि थर सुटू लागतात. त्या चिरा पुढे प्रत्येक टप्प्यावर छळतात.

गाभा निघाल्यावर आतून बाटली धुवायच्या ब्रशने साबण लावून घासा. ब्लीच आणि कॉस्टिक सोडा अजिबात वापरू नका. दोन्ही केराटिन खातात, शिंग वरून पांढरट आणि ठिसूळ होते.

नंतर सावलीत, वारा लागेल असे टांगून वाळवा. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेले शिंग दोन दिवसांत तडकू शकते.

तपासा: स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करा. लागोपाठ तीन दिवस वजन तेच आले की शिंग वाळले. पावसाळ्यात यालाच तीन आठवडे लागू शकतात, तोवर पुढे जाऊ नका. ओल्या शिंगात पाडलेले भोक वाळल्यावर लांबट होते.

## टप्पा २: पोकळी मोजणे

इथे घाई झाली की शिंग गेले.

तार बुडातून आत घाला, बाहेरच्या वळणाच्या बाजूने भिंतीला घासत सरकवा. पुढे जाईना की थांबा. दोनदा मागे घेऊन पुन्हा घाला, कारण मध्ये हाडाचा उरलेला तुकडा अडकलेला असला तर तार तिथेच थांबते आणि माप खोटे येते. बुडाच्या कडेपाशी तारेवर चिकटपट्टी लावा. तार बाहेर काढून, तिचे वळण न मोडता, शिंगाच्या बाहेरच्या वळणावर ठेवा आणि तिचे टोक जिथे येते तिथे खूण करा.

ही खूण थोडी बुडाच्या बाजूला पडते. आतल्या भिंतीचे वळण बाहेरच्यापेक्षा छोटे असते, म्हणून तेवढीच तार बाहेरून ठेवली की ती अलीकडे संपते. खुणेपासून १ सेमी टोकाकडे सरकून दुसरी खूण करा. पोकळीचा शेवट ही दुसरी खूण धरायची.

आता त्या खुणेपासून टोकाकडे ५ सेमी मोजा. कापायची जागा ही. तिथे कॅलिपर लावा. जाडी निदान २४ मिमी हवी, म्हणजे १७ मिमीच्या वाटीभोवती साडेतीन मिमीची कड राहते.

एक उदाहरण घेऊ. शिंग ६० सेमी. तार ४१ सेमीवर थांबली, एक सेमी धरून पोकळी ४२. टोकाचा भरीव भाग १८ सेमी. कापायचे ४७ वर, आणि पुढचा १३ सेमीचा तुकडा वेगळा. उरलेल्या ५ सेमी भरीव भागात पहिला एक सेमी तोंडीची वाटी आणि पुढचे चार सेमी अरुंद नळी. तो तुकडा फेकू नका, भोक पाडायचा सराव त्याच्यावर करा.

जाडी २४ मिमी भरत नसेल तर पोकळीकडे सरका, पण ३ सेमी भरीव भाग राहिलाच पाहिजे. तरीही भरत नसेल तर शिंगात तोंडी कोरायचा नाद सोडा आणि लेथवाल्याकडून पितळी तोंडी करून घ्या. भोसरीत असे छोटे काम करून देणारे मिळतात. पितळी तोंडीचे शिंग कमी प्रतीचे नसते. मारूनमुटकून कोरलेल्या तोंडीपेक्षा ते कितीतरी चांगले वाजते.

नेहमीची चूक: टोकाचे बारीक भोक दिसेपर्यंत थोडे थोडे कापत जाणे. असे केले की करवत थेट पोकळीत शिरते. मग तोंडी नाही, नळी नाही, फक्त दोन्हीकडून उघडे शिंग. ओठांना मागून हवेचा दाब मिळाला तरच ते थरथरत राहतात. वाटी आणि तिच्यामागची अरुंद नळी यांचे काम तेच. त्या दोन्ही नसल्या तर कितीही जोर लावा, फुस्स.

## टप्पा ३: कापणे आणि भोक पाडणे

खुणेभोवती चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कड तुटत नाही. करवत एकाच बाजूने आरपार चालवू नका. शिंग फिरवत चहूबाजूंनी खाच पाडा आणि मग कापा. काप त्या जागच्या वळणाला काटकोनात हवा. फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर कापलेले तोंड गोल गोल घासून सपाट करा.

मध्यबिंदू काढून खिळ्याने टोचा. ३ मिमी बिटाने सुरुवात करा, ड्रिल सर्वात कमी वेगावर. एक सेमी आत गेलात की बिट बाहेर काढून पूड झाडा. केस जळल्यासारखा वास आला की थांबा, बिट गार होऊ द्या. जळालेले केराटिन आत काळ्या काचेसारखे कडक होते आणि पुढचे बिट त्यावरून घसरते.

दिशा सांभाळणे एकट्याला जमत नाही. दुसरा माणूस बाजूला उभा करा. वरून तुम्ही बघा, बाजूने त्याने बघावे. बिटाचा रोख पोकळीच्या शेवटाच्या मध्याकडे असावा, शिंगाच्या टोकाच्या रेषेत नव्हे. शिंग वळलेले असते आणि बिट सरळ जाते, म्हणून सगळ्यात जास्त शिंगे इथे बाजूने फुटतात.

तपासा: बुडातून टॉर्च मारा आणि टोकाच्या भोकातून बघा. प्रकाश दिसला म्हणजे पोकळी गाठली. पाच सेमी आत जाऊनही अंधार असेल तर आणखी जोर लावू नका. बुडातून तार घालून ती कुठे थांबते आणि भोक कुठवर आले हे पुन्हा जुळवा.

आरपार झाल्यावर ५ मिमी करा आणि तिथेच थांबा. ६ मिमीचे बिट आत्ता पेटीतच राहू द्या, त्याची गरज वाजवून पाहिल्यावर ठरते. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही.

नळी पोकळीत जिथे उघडते तिथे बहुधा बोथट पायरी उरते. काठीला ८० नंबरचा पेपर गुंडाळून बुडातून आत घाला आणि ती पायरी घासून नरसाळ्यासारखी उतरती करा. हे काम दिसत नाही म्हणून सोडले जाते. पायरी राहिली तर सूर मध्येच तुटतो आणि वाजवणारा आपल्या ओठांना दोष देत बसतो.

## टप्पा ४: तोंडी

वाटीचे तोंड १७ मिमी, खोली ८ ते १० मिमी, आकार अर्ध्या लिंबासारखा, तळाशी ५ मिमीचे भोक. कड ३ ते ४ मिमी रुंद.

ड्रिलने वाटी पाडू नका. काउंटरसिंक बिट, म्हणजे शंकूसारखी खाच पाडणारे बिट, हाताने फिरवत सुरुवात करा, मग गोल कानस आणि बोटाला गुंडाळलेला पेपर. खोली ५ मिमी झाली की वाजवून बघा, नंतर प्रत्येक मिलिमीटरला पुन्हा बघा. उथळ वाटीत आवाज कर्कश आणि पटकन येतो, खोल वाटीत गोल आणि भरीव पण उशिरा. दूर पोचवायच्या इशाऱ्याला ८ मिमीच्या आसपासची वाटी बरी.

कडेची आतली धार मोडा, पण फार गोल करू नका. धारदार कड ओठ कापते, अगदी गोल कडेवर ओठ घसरतात. ४०० नंबरपर्यंत घासा. तोंडीला रंग, व्हार्निश, लाख काहीही लावायचे नाही, ती ओठांना लागते.

तपासा: ओल्या फडक्याने आणि तळव्याने बूड घट्ट बंद करून तोंडीतून फुंका. हवा मुळीच जाता कामा नये. फुसफुस आली तर बाहेरून साबणाचे पाणी लावा, बुडबुडे येतात तिथे चीर आहे. केसाएवढ्या चिरेत पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे तो झटपट चिकटणारा डिंक, सोडा. रुंद भेगेत इपॉक्सी. मेण हा प्रवासातला तात्पुरता उपाय आहे, उन्हात ते वितळते.

शिंग वाजले की मगच पुढचा टप्पा. आधी पॉलिश आणि नंतर भोक हा उलटा क्रम फार जण करतात. भोक बाजूने फुटले की दोन दिवसांची घासाघीस वाया जाते.

## टप्पा ५: साळणे आणि कडे

पोळ्याआधी बैलांची शिंगे साळतात तसेच हे काम. काचेच्या सरळ तुकड्याने किंवा करवतीच्या जुन्या पात्याच्या पाठीने बुडाकडून टोकाकडे पापुद्रा काढत जा. बुडाशी भिंत ३-४ मिमी राहू द्या. नळीच्या भागातली जाडी मात्र कमी करू नका. मग ८०, १२०, २२०, ४००, ८००, १००० अशा क्रमाने पेपर, २२० पासून पुढे पाण्यात भिजवून. एकही नंबर गाळू नका, गाळलेल्या नंबराचे ओरखडे शेवटी दिसतात. जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन पुसून घ्या.

बुडाला कडे हवे असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत माप देऊन करून घ्या, पण सैलसर. पावसाळ्यात शिंग फुगते, उन्हाळ्यात आकसते. आवळून बसवलेल्या कड्याखाली चीर जाते.

## टप्पा ६: पहिला सूर

शिंगात फुंकर मारायची नसते. थरथरतात ते ओठ, शिंग ती थरथर मोठी करते. म्हणून पहिले तीन दिवस शिंगाशिवाय सराव करा: ओठ ‘म’ म्हणताना मिटतात तसे मिटा, कोपरे घट्ट, मधला भाग सैल, आणि हवा सोडून ‘प्र्र्र’ असा बारीक भुणभुणाट काढा.

मग तोंडी ओठांच्या मध्यावर ठेवा. दाबू नका. दाबल्याने ओठांचे रक्त थांबते, दहा मिनिटांत ते बधिर होतात आणि उद्याचा सराव बुडतो. पोटातून श्वास घ्या, सुरुवातीला जिभेने हलकेच ‘तू’ म्हणा म्हणजे सूर नेमका सुटतो. गाल फुगू देऊ नका. घड्याळ लावून एक सूर आठ सेकंद स्थिर धरणे, हे पहिल्या आठवड्याचे काम. रोज दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही.

नुसती हवा आली तर ओठ फार उघडे आहेत. चिरका आवाज आला तर फार आवळले आहेत. सूर लागून मध्येच मेला तर श्वास संपत आलाय किंवा नळीतली ती पायरी राहिली आहे. आठवडाभर नीट सराव करूनही सूर भरत नसेल तर आता ६ मिमीचे बिट काढा.

काचबिंदू, हर्निया किंवा नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फुंकताना डोळ्यातला आणि पोटातला दाब वाढतो.

एका शिंगात किती सूर? शंकूसारख्या नळीत सर्वात खालच्या सुराच्या लहरीची लांबी ढोबळमानाने नळीच्या दुप्पट असते. ४७ सेमी शिंगाला साडेतीनशे हर्ट्झच्या आसपासचा सूर मिळतो. ओठ आवळले तर जवळजवळ दुप्पट वारंवारितेचा दुसरा मिळेल, पण शिंगाची पोकळी कधीच नेमकी शंकूसारखी नसते, म्हणून तो सप्तकावर बरोबर बसेलच असे नाही. दोन सुरांच्या वाद्यावर चाल बांधता येत नाही. इशारा लांबी आणि अंतर यांवरच बांधावा लागतो.

## टप्पा ७: खुणा ठरवणे

गटातल्या प्रत्येकाने निघण्याआधी या खुणा कागदावर लिहून घ्याव्यात. लांब सूर ३ सेकंद, आखूड सूर अर्धा सेकंद, दोन सुरांत एक सेकंद मोकळा, आणि इशारा पुन्हा देण्याआधी निदान दहा सेकंद.

- एक लांब: मी इथे आहे.
- दोन लांब: एकत्र या.
- लांब, आखूड, लांब: पुढे निघा.
- सलग आखूड, दहा सेकंद न थांबता: जागीच थांबा.

‘थांबा’ असा का, हे नीट समजून घ्या. वाऱ्याने इशाऱ्याचा निम्मा भाग खाल्ला तरी उरलेला निम्मा तोच अर्थ सांगतो. ‘दोन लांब’ मधला एक हरवला तर तो ‘मी इथे आहे’ होतो. त्याने गोंधळ होईल, अपघात होणार नाही. जी खूण चुकली तर माणूस जखमी होऊ शकतो ती अर्धवट ऐकूनही कळली पाहिजे. जर्मनीतल्या हाक्यांत शिकार संपल्याचा इशारा ‘हान इन रुह’, म्हणजे बंदुकीचा घोडा निवांत, हा वेगळा ठेवलेला आहे. तो वाजला की गोळी झाडायची नाही. घेर लहान होत आला की आत गोळी झाडू नये याचाही स्वतंत्र इशारा असतो, कारण तेव्हा हाकारे बंदुकांच्या समोर आलेले असतात.

संकटाची खूण स्वतः बनवू नका. डोंगरात अनेक देशांत चालते तीच वापरा: एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक. मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. म्हणून आपल्या रोजच्या खुणांत दर दहा किंवा वीस सेकंदांनी एक सूर असा ठेका कुठेही येऊ देऊ नका.

उत्तराचा नियम एकच: ज्याने ऐकले त्याने तोच इशारा परत वाजवायचा. वेगळी ‘समजले’ खूण ठेवली तर ऐकले हे कळते, काय ऐकले हे कळत नाही. संकटाची खूण तेवढी याला अपवाद.

प्रतिध्वनी: सह्याद्रीत हा मोठा घोटाळा करतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरचा कडा १७० मीटरवर असेल तर तुमचाच सूर एका सेकंदाने परत येतो आणि नेमका तुमच्या मोकळ्या जागेत बसतो. दरीतल्या माणसाला एक आखूड सूर दोन वाटतात. म्हणून पोचल्यावर आधी एक आखूड सूर वाजवा, प्रतिध्वनी कधी येतो ते मोजा, आणि अंतर त्याच्या दुप्पट ठेवा. शिंगाचे तोंड कड्याकडे न धरता माणसांच्या दिशेने धरा.

तपासा: खुणांची परीक्षा सपाटीवर घ्या. एकाने २०० मीटरवर, मग ५००, मग १००० मीटरवर जाऊन काय ऐकले ते लिहायचे, वाजवणाऱ्याने काय वाजवले ते लिहायचे, शेवटी कागद जुळवायचे. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध, दोन्ही. सकाळी लवकर आवाज जास्त लांब जातो. दुपारी तापलेल्या जमिनीजवळची गरम हवा तो वर वळवते, म्हणून सकाळची परीक्षा दुपारी खरी धरू नका.

## कुठे वाजवू नये

रात्री १० ते सकाळी ६ नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात नाही. पेठांतल्या वाड्यात किंवा फ्लॅटमध्ये सराव करायचा तर नुसत्या ओठांचा. वेताळ टेकडी आणि तळजाईवर पहाटे पक्षी पाहणारे असतात, त्यांच्यात शिंग नको. गावाबाहेरचे मोकळे रान आणि मालकाची परवानगी, हेच बरे.

भीमाशंकर, मयूरेश्वर-सुपे अशा अभयारण्यांत शिंग पिशवीतून बाहेर काढू नका. वन्यजीव कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणेही येते, गोळी झाडली की नाही हा प्रश्नच नाही. गडावर कड्याला आग्या मोहोळ दिसले तर त्या बाजूला वाजवू नका. आवाज आणि हादऱ्याने माशा उठल्या तर पळायला जागा नसते.

## देखभाल

वाजवून झाले की बूड खाली करून झटका, आत सुके फडके फिरवा, सावलीत टांगा. दुसऱ्याने वाजवण्याआधी तोंडी साबणाने धुवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, बाहेरून तेलाचा पातळ हात. गाडीच्या डॅशबोर्डवर एका दुपारीत शिंग वाकते. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर बुरशी येते, सुती पिशवी वापरा.

केराटिन खाणारे किडे असतात, लोकर खाणारेच. पिशवीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर वाजवण्याआधी शिंग एक दिवस वाऱ्यावर ठेवा, त्यांची वाफ श्वासात जाऊ नये. बुडाच्या कडेला पिठासारखी पूड दिसली तर किडा लागलाय. शिंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता घरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून पूड झाडा आणि बुडाची हवा-परीक्षा पुन्हा घ्या.